दिव्यांग धावपटूंना एकाच रांगेत उभं करू नका : खान्देशातील क्रीडा अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
क्रीडा अधिकारी, दिव्यांग कल्याण अधिकारी व आदिवासी विकास प्रकल्प अधिकारी,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे

विषय : दिव्यांग मुलांच्या धावण्याच्या शर्यती वर्गवारीप्रमाणे घेणे व त्यासाठी जुलैपासून करायची तयारी

सन्माननीय महोदय / महोदया,

ब्राझीलच्या पेत्रुसिओ फेरेराचा डावा हात तो अगदी लहान असताना गुरांचा चारा कापायच्या यंत्रात गेला. पुढे याच पोरानं रिओ, टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ तीन पॅरालिम्पिकमध्ये टी-47 (हाताचा दोष असलेल्यांच्या) वर्गाची 100 मीटर शर्यत जिंकली आणि 2022 मध्ये 10.29 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात किंवा विजेच्या तारेला लागून हात गेलेली मुलं खान्देशातही आहेत. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्याचा दिलीप गावित याच टी-47 वर्गात पळतो. नाशिकला वैजनाथ काळे यांच्याकडे त्यानं सराव केला. ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यानं 400 मीटर 49.48 सेकंदांत जिंकली आणि ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक ठरलं. पुढच्या वर्षी तो पॅरिसला अंतिम फेरीत होता.

अशी कारकीर्द जिथून सुरू होते ती मैदानं तुमच्या अखत्यारीत आहेत : शाळेची, तालुक्याची, 3 डिसेंबरच्या दिव्यांग दिनाच्या स्पर्धांची, आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धांची. आणि बहुतेक मुलांची कारकीर्द तिथेच संपते. अंध, कर्णबधिर, बौद्धिक अक्षम आणि अस्थिव्यंग असे चार गट पाडले की वर्गवारी झाली, असं आपल्याकडे धरून चालतात. मग ‘अस्थिव्यंग 100 मीटर’ या एका शर्यतीत एक हात नसलेला मुलगा, दोन्ही पायांत ताठरपणा असलेला सेरेब्रल पाल्सीचा मुलगा, एक पाय आखूड असलेला आणि जयपूर फूट लावलेला असे चौघं एका रेषेवर उभे राहतात. शिट्टी वाजायच्या आधीच पहिला कोण येणार ते अख्ख्या मैदानाला माहीत असतं. मुलींच्या शर्यतीतही हेच. सेरेब्रल पाल्सीची मुलगी शेवटून पहिली येते आणि पुढच्या वर्षी नावच देत नाही.

ती मुलगी कोण असू शकली असती, याचं उत्तर भारताच्या प्रीती पालच्या घड्याळात आहे. प्रीती सेरेब्रल पाल्सीच्या टी-35 वर्गात पळते. पॅरिसला तिनं 100 मीटर 14.21 आणि 200 मीटर 30.01 सेकंदांत पळून दोन कांस्यपदकं आणली. पॅरालिम्पिकच्या ट्रॅकवर भारताला त्याआधी एकही पदक नव्हतं. 14.21 ही वेळ शाळेतल्या कुठल्याही चपळ मुलीची वाटेल. आपल्या ‘अस्थिव्यंग’ शर्यतीत त्या वेळेला कदाचित प्रमाणपत्रसुद्धा मिळालं नसतं.

म्हणून मागणी एकच आहे. येत्या हंगामापासून तिन्ही जिल्ह्यांत दिव्यांग मुलांच्या शर्यती आंतरराष्ट्रीय वर्गवारीच्या धर्तीवर घ्या. अधिकृत वर्ग देणं हे पॅरालिम्पिक समितीच्या वर्गीकरण पथकाचं काम आहे आणि ते तिथेच होईल. आपल्याला मैदानावर फक्त अंदाजे वर्ग ठरवायचा आहे, आणि तो ठरवणं शाळेतल्या क्रीडाशिक्षकाला आणि एका फिजिओथेरपिस्टला जमण्यासारखं आहे. तो कसा ठरवायचा, पुढे कुठे अडतं, हे खाली तपशिलात लिहितो.

धावण्याच्या वर्गांना ‘टी’ हे अक्षर लागतं. टी-11 ते 13 दृष्टिदोष, टी-20 बौद्धिक अक्षमता, टी-35 ते 38 सेरेब्रल पाल्सी आणि तत्सम मेंदूचे विकार असून उभ्यानं पळणारे, टी-40 व 41 बुटकेपण, टी-42 ते 44 पायाचा दोष पण कृत्रिम पाय न लावता पळणारे, टी-45 ते 47 हाताचा दोष, टी-51 ते 54 व्हीलचेअर, आणि टी-61 ते 64 कृत्रिम पाय लावून पळणारे. कर्णबधिर मुलं यात कुठेच नाहीत. त्यांची वाट डेफलिंपिकची, म्हणजे कर्णबधिरांच्या वेगळ्या जागतिक स्पर्धेची. तिथे चांगल्या कानानं निदान 55 डेसिबलचा श्रवणदोष लागतो आणि शर्यतीत श्रवणयंत्र काढून ठेवावं लागतं. त्यांच्यासाठी शिट्टीवर स्टार्ट देणं हा अन्याय आहे. सगळ्यांना दिसेल असा दिवा किंवा निदान झेंडा तरी वापरा, आणि तो शर्यतीच्या बाजूला पुढे ठेवा. मागे ठेवला की मुलं मान वळवून बघतात आणि स्टार्टिंग ब्लॉकमधून (पाय रेटायच्या ठोकळ्यातून) वाकडी निघतात.

यूडीआयडी कार्डावरची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरची) टक्केवारी आणि खेळातला वर्ग यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही, ही गोष्ट सगळ्यात आधी सगळ्या शिक्षकांपर्यंत पोचवायला हवी. वर्गीकरणात दोषाचे दहाच प्रकार चालतात : स्नायूंची ताकद कमी असणं, सांध्याची हालचाल कमी असणं, अवयव नसणं, पायांच्या लांबीत फरक, बुटकेपण, स्नायूंचा ताठरपणा, तोल व समन्वय नसणं, अनैच्छिक हालचाली, दृष्टिदोष आणि बौद्धिक अक्षमता. दुखणं किंवा सांधा सैल असणं यात येत नाही, मग दाखल्यावर 60 टक्के का असेना. शिवाय प्रत्येक दोषाला किमान मर्यादा आहे. कडबाकुट्टीत फक्त बोटं गेली असतील तर मुलगा टी-47 मध्ये बसत नाही. हात मनगटातून किंवा त्याच्या वर तुटलेला हवा. दोन पायांच्या लांबीत निदान 7 सेंटिमीटर फरक हवा. एका डोळ्यानं अजिबात दिसत नाही आणि दुसरा चांगला आहे, असं मूल दृष्टिदोषाच्या कुठल्याच वर्गात येत नाही, कारण चांगल्या डोळ्याची, चष्मा लावून दिसणारी नजर मोजतात. अशा मुलाला चार वर्षं पळवून मग राष्ट्रीय स्पर्धेत ‘अपात्र’ असा शिक्का बसणं फार क्रूर आहे. मोठ्या पातळीवर काय होतं ते टोकियोत दिसलं : थाळीफेकीत विनोद कुमार यांनी एफ-52 या फेकीच्या वर्गात कांस्य मिळवलं, आणि स्पर्धेनंतर वर्गीकरण पथकानं ते त्या वर्गात बसत नाहीत असं ठरवल्यावर पदक गेलं.

उलट बाजूनं, पात्र असलेली कितीतरी मुलं कोणाच्या लक्षातच येत नाहीत, कारण ती साध्या शाळेत असतात आणि दिव्यांग शाळांच्या स्पर्धेला कोणी त्यांना नेत नाही. वरंगळ जिल्ह्यातल्या कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी आधी सर्वसाधारण मुलींच्या स्पर्धांत पळत होती. बौद्धिक क्षमतेच्या चाचण्या झाल्यावर ती टी-20 मध्ये आली. मे 2024 मध्ये कोबेच्या जागतिक स्पर्धेत तिनं 400 मीटर 55.07 सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला, आणि पॅरिसला 55.82 मध्ये कांस्य जिंकलं. वर्गात मागे पडणारी, पण मैदानावर कोणाला न ऐकणारी अशी मुलगी आपल्या आश्रमशाळांत नाही असं कोण म्हणेल? टी-20 साठी बुद्ध्यंक 75 किंवा त्याहून कमी, रोजच्या व्यवहारात अडचण, आणि हे लहानपणापासून आहे याचा पुरावा लागतो. चाचणी मुलाच्या भाषेत झाली पाहिजे, हे आम्ही जोर देऊन सांगतो. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाची चाचणी पुस्तकी मराठीत घेतली तर आकडा खोटाच कमी येतो, आणि पुढच्या पडताळणीत तो टिकत नाही. आणखी एक : पॅरिसच्या कार्यक्रमात टी-20 ला 100 मीटर नव्हतीच. धावण्यात 400 आणि 1500 एवढंच होतं. तेव्हा या मुलांना वर्षानुवर्षं 50 आणि 100 मीटर पळवत ठेवण्यात काही हशील नाही. चौदा-पंधराव्या वर्षी 400 कडे वळवा.

शाळेत पहिली चाळणी कशी लावायची? नजरेसाठी आरोग्य तपासणीतला साधा तक्ता पुरतो. मूल तक्त्यापासून 6 मीटरवर उभं करा, चष्मा असेल तर लावून. चांगल्या डोळ्यानं फक्त सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचता आलं (6/60) किंवा तेही आलं नाही, तर ते मूल पुढच्या तपासणीला पाठवायचं. नजर ठीक वाटली पण मूल कडेच्या वस्तूंना धडकतं, रात्री चाचपडतं, तर दृष्टिक्षेत्र अरुंद असू शकतं, म्हणून त्यालाही पाठवायचं. हातापायाचा दोष उघड दिसतो. खरी चूक होते ती सौम्य सेरेब्रल पाल्सीत. टी-37 आणि टी-38 ची मुलं चालताना जवळजवळ ठीक दिसतात. त्यांना 60 मीटर जोरात पळवा आणि मागून बघा. एक हात कोपरात वळून छातीशी येतो, एका पायाची टाच टेकत नाही, त्या बाजूच्या बुटाचा चवडा घासलेला असतो. वेग वाढला आणि दमले की ताठरपणा वाढतो. म्हणून खुर्चीवर बसवून, आरामात असताना तपासलं की काही सापडत नाही आणि मूल ‘नॉर्मल’ म्हणून परत येतं. फिजिओथेरपिस्टला मैदानावर बोलवा, दवाखान्यात मूल नेऊन काम भागणार नाही.

कागदपत्रं ही दुसरी खाच. राष्ट्रीय वर्गीकरणाला जाताना निदानाचे मूळ कागद लागतात : दृष्टिदोषाला दृष्टिक्षेत्राचा नकाशा आणि पडद्याच्या किंवा मज्जातंतूच्या तपासण्या, सेरेब्रल पाल्सीला एमआरआय आणि ताठरपणाची श्रेणी लिहिलेला अहवाल, अवयव नसल्यास एक्स-रे. नुसतं यूडीआयडी कार्ड घेऊन गेलेलं मूल वर्ग न मिळता परत येतं. त्यातच नावाचा घोळ. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आडनावाच्या जागी गावाचं नाव, आणि जन्मतारीख 1 जून. शाळेत घालताना गुरुजींनी टाकलेली ही 1 जून नंतर वयोगटाच्या स्पर्धेत आडवी येते, आणि पासपोर्ट काढताना तर नक्कीच. आंतरराष्ट्रीय नोंदणीला पासपोर्ट लागतोच. सतराव्या वर्षी निवड झाल्यावर कागद दुरुस्त करायला धावण्यापेक्षा बाराव्या वर्षी जन्मनोंद, शाळेचा दाखला आणि आधार एकसारखं करून घेणं सोपं आहे. हे काम तालुक्याच्या शिबिरात एका टेबलावर होऊ शकतं. धडगाव किंवा मोलगीच्या पालकाला नंदुरबारच्या वाऱ्या करायच्या म्हणजे दर वेळी एका दिवसाची मजुरी बुडते, आणि दुसऱ्या वारीला तो येत नाही.

आता गाइड धावपटू, म्हणजे अंध धावपटूसोबत दोरी धरून पळणारा डोळस सोबती. या विषयात आपण सगळ्यात मागे आहोत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. टी-11 म्हणजे जवळपास पूर्ण अंध. तिथे डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी आणि सोबत गाइड, दोन्ही सक्तीचं. टी-12 मध्ये गाइड घ्यायचा की नाही हे धावपटू ठरवतो. टी-13 ला गाइड नाही. क्यूबाच्या ओमारा दुरांदची कारकीर्द या बाबतीत बघण्यासारखी आहे. लंडनला 2012 मध्ये ती टी-13 मध्ये एकटी पळाली आणि 100 व 400 मीटर जिंकली. पुढे वर्ग टी-12 झाला आणि युनिओल किंदेलान तिचा गाइड झाला. रिओ, टोकियो, पॅरिस, तिन्ही ठिकाणी 100, 200 आणि 400 तिचीच. एकूण 11 सुवर्णपदकं. रिओत 100 मीटरला 11.40. ही जोडी वर्षानुवर्षं एकत्र सराव करत होती. आपल्याकडे शर्यतीच्या सकाळी, मोकळा उभा असलेला एखादा शिक्षक किंवा मोठ्या वर्गातला मुलगा गाइड म्हणून लावतात, आणि मग अंध मूल ओढलं जातं, अडखळतं, पडतं.

गाइड निवडताना पहिली अट वेगाची. मुलाची 100 मीटरची वेळ 13 सेकंद असेल तर गाइडनं 12 सेकंद सहज काढली पाहिजेत, कारण त्याला पळता पळता बोलायचं असतं आणि दुसऱ्याच्या पावलाला पाऊल जुळवायचं असतं. गाइड मोकळ्या दमानं पळत नसेल तर तो सूचना देणं विसरतो. उंचीत फार फरक नसावा, नाहीतर पावलांची लांबी जुळत नाही. दोघांच्या हातातली दोरी न ताणणारी हवी आणि पूर्ण ताणल्यावर 30 सेंटिमीटरपेक्षा लांब नको. बुटाची चपटी नाडी दोन्ही टोकांना फासे करून चालते. रबर, इलॅस्टिक अजिबात नको. मूल डाव्या बाजूला आणि गाइड उजव्या बाजूला असेल तर मुलाचा उजवा हात आणि गाइडचा डावा हात एकत्र मागेपुढे जातात. हात जुळले की पाय आपोआप जुळतात : आधी दोघांचे बाहेरचे पाय एकदम, मग आतले पाय एकदम, तीन पायांच्या शर्यतीसारखे. सुरुवात चालण्यानं करायची, मग 30 मीटर हळू धावणं, मग 60. पट्टी बांधून पूर्ण वेगानं 100 मीटर पळायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. मुलाचा विश्वास बसला की नाही हे त्याच्या हनुवटीवरून कळतं. घाबरलेलं मूल मान मागे टाकून, छाती उभी ठेवून, पाय पुढे फेकत पळतं.

शब्द आधी ठरवा आणि बदलू नका. ‘वळण’, ‘सरळ’, ‘दहा’ (शेवटचे दहा मीटर), ‘झुक’ (रेषेवर छाती पुढे) एवढे पुरतात. गाइडनं मुलाला ओढायचं किंवा ढकलायचं नाही, आणि शेवटच्या रेषेवर मूल आधी पोचलं पाहिजे. गाइडची छाती आधी रेषेवर गेली तर जोडी बाद. घाईत गाइड स्वतःच झुकतो, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दोरी सोडणं दुसरी. पॅरिसच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची एलेना काँगोस्त तिसरी येत होती; रेषेजवळ कोलमडणाऱ्या गाइडला सावरायला तिनं क्षणभर दोरी सोडली आणि ती बाद ठरली. वळणावर गाइड बाहेरच्या बाजूला असेल तर दोघांत 70 सेंटिमीटर अंतर धरून अर्ध्या वर्तुळात त्याला 2.2 मीटर जास्त पळावं लागतं. 200 मीटरचा गाइड निवडताना हा हिशेब धरा. पॅरिसला 200 मीटरमध्ये टी-12 चं कांस्य मिळवणाऱ्या सिमरन शर्मासोबत तिचा गाइड अभय सिंग यालाही पदक मिळालं. आपल्याही स्पर्धांत गाइडला प्रमाणपत्र आणि पदक द्या. तालुक्यातून खुल्या गटात तिसरा-चौथा येणारा धावपटू मग या कामाकडे वळेल. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत असे धावपटू दर वर्षी असतात, त्यांची यादी करून अंध मुलांच्या शाळांशी जोड्या लावता येतील.

जोडीला दोन लेन द्याव्या लागतात. आठ लेनच्या ट्रॅकवर चार जोड्या, सहा लेनच्या मुरुमाच्या मैदानावर तीनच. 200 मीटरला जोडीची सुरुवात तिच्या आतल्या लेनवरून, म्हणजे 1, 3, 5, 7 वरून मोजायची. 1.22 मीटर रुंद लेनच्या सिंथेटिक ट्रॅकवर तिसऱ्या लेनचा स्टॅगर (सुरुवातीची रेषा जितकी पुढे घ्यायची ते अंतर) 7.35 मीटर येतो. आतल्या कडेला कर्ब (उंच काठ) नसलेल्या, फक्की मारून आखलेल्या ट्रॅकवर पहिली लेनही रेषेपासून 20 सेंटिमीटरवर मोजतात, तेव्हा तोच स्टॅगर 7.67 मीटर होतो. कर्ब असलेल्या ट्रॅकचे आकडे मुरुमावर तसेच उतरवले की बाहेरच्या लेनवाल्याला जास्त पळावं लागतं. आखायला चुना वापरू नका. वाळलेला चुना उडून डोळ्यांत जातो, आणि ज्यांची नजर आधीच अधू आहे त्यांच्या डोळ्यांशी हा खेळ नको.

एका हातानं पळणाऱ्यांचा स्टार्ट आपल्याकडे कोणी शिकवतच नाही. ‘सेट’ या हुकुमाला, म्हणजे सुटायच्या आधीच्या स्थितीत, खांदे समपातळीत हवेत. एक हात आखूड असला की मुलगा त्या बाजूला कलतो, आणि ब्लॉकमधून निघाल्यावर पहिली चार-पाच पावलं तिरकी पडतात. त्यावर उपाय म्हणून आखूड हाताखाली ठेवायच्या आधाराला नियमात परवानगी आहे. फक्त तो पूर्णपणे रेषेच्या मागे हवा आणि शेजारच्या लेनला अडथळा नको. गावातला सुतार तो तासाभरात करून देतो : खाली 15 बाय 20 सेंटिमीटरचा लाकडी तळ, वर ठोकळा, त्यावर बोटभर जाडीचा फोम आणि रेक्झिन, तळाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. उंची प्रत्येकाची वेगळी. मुलाला ‘सेट’च्या स्थितीत बसवा, चांगल्या हाताच्या खांद्यापासून जमिनीपर्यंतचं माप घ्या, त्यातून आखूड हाताची लांबी वजा करा, उरेल ती उंची. कोपराखाली हात तुटला असेल तर ती सहसा 20 ते 30 सेंटिमीटर भरते. ट्यूब चिकटवायला विसरलात तर आधार मागे सटकतो आणि मुलगा तोंडावर पडतो. मूल वाढत्या वयाचं असेल तर दर सहा महिन्यांनी माप पुन्हा घ्या. आणि आखूड हातही चांगल्या हाताइतकाच जोरात हलवायला शिकवा. तो नुसता लटकत ठेवला तर कंबर वळते, 400 मीटरच्या शेवटच्या वळणावर वेग तिथे गळतो, आणि काही वर्षांत पाठीचा कणा एका बाजूला झुकू शकतो.

सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना खाली बसून स्टार्ट घेण्याची सक्ती करू नका. त्यांना उभ्यानं स्टार्ट घेता येतो. वॉर्म-अप इतरांच्या दीडपट द्या, डिसेंबरच्या थंडीत तर नक्कीच, आणि त्यांची प्राथमिक आणि अंतिम फेरी एकाच तासात ठेवू नका.

कृत्रिम पायाबद्दल थोडक्यात. जयपूर फूट चालायला उत्तम, पण धावताना जमिनीची उसळी परत देत नाही. म्हणून लोक लगेच लाखांच्या ब्लेडची (धावण्यासाठीच्या वाकड्या पात्याच्या कृत्रिम पायाची) मागणी करतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ब्लेड घेऊन देण्यापेक्षा त्याचं सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो कृत्रिम पायाचा भाग) वेळेवर बदलून द्या, कारण मूल वाढतं तसं सॉकेट आवळतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात सॉकेटमध्ये घाम साचतो, मोजा ओला होतो, फोड येतो, आणि त्या फोडानं महिन्याभराचा सराव जातो. तीन जास्तीचे मोजे आणि सकाळी साडेसातच्या आत संपणारा सराव, एवढ्यानं हे टळतं. व्हीलचेअर शर्यतीची तीनचाकी खुर्ची हा वेगळा आणि मोठा खर्च आहे. त्याचा प्रस्ताव स्वतंत्र द्यावा लागेल.

वेळा खऱ्या घ्या. आपल्याकडे शेवटच्या रेषेवरचा पंच क्लॅपरचा (स्टार्ट देताना आपटायच्या लाकडी फळ्यांचा) आवाज ऐकून घड्याळ सुरू करतो. 100 मीटर यायला आवाजाला साधारण 0.29 सेकंद लागतात, म्हणजे तेवढी वेळ कमी लागते. हाताच्या घड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिकशी ताडायची तर 100 मीटरला आणखी 0.24 मिळवावे लागतात. जिल्ह्यात 12.0 पळालेला मुलगा पुण्याच्या बालेवाडीला इलेक्ट्रॉनिक घड्याळावर 12.5 पळतो, त्याला वाटतं आपण ढेपाळलो, आणि घरी आल्यावर सोडून देतो. मुलगा ढेपाळलेला नसतो, घड्याळ चुकलेलं असतं. क्लॅपर मिटताना बघून घड्याळ दाबा, आवाजाची वाट पाहू नका. तीन घड्याळं लावा, मधली वेळ धरा.

एका वर्गात एकच मुलगा आहे, शर्यत कशी घ्यायची, हा प्रश्न हमखास येईल. मुलांची एकत्र, मुलींची एकत्र शर्यत घ्या, पण क्रमांक नुसत्या धावण्याच्या वेळेवरून देऊ नका. त्या वर्गातल्या एखाद्या मोठ्या वेळेशी टक्केवारी काढा. टी-47 चा मुलगा 12.40 पळाला : 10.29 ला 12.40 नं भागलं की 83.0 टक्के. टी-35 ची मुलगी 15.50 पळाली : चीनच्या झोऊ शियाची टोकियोतली 13.00 धरली तर 83.9 टक्के. निवड एकाच मुलाची करायची असेल तर ती या मुलीची व्हायला हवी. तिन्ही जिल्ह्यांची मिळून एक खान्देश पातळीची स्पर्धा घेतली तर बहुतेक वर्गांत तीन-चार मुलं जमतील, आणि आमच्या मते तेच जास्त बरं.

औषधांबद्दल एक सूचना शाळांपर्यंत लगेच गेली पाहिजे. काचबिंदू असलेल्या मुलांना कधी कधी ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या दिल्या जातात. त्या उत्तेजक विरोधी यादीत बंदी असलेल्या मूत्रल औषधांत मोडतात. डोर्झोलामाइड किंवा ब्रिंझोलामाइडचे डोळ्यांत घालायचे थेंब चालतात. गोळ्या मुलाच्या मनानं बंद करायच्या नाहीत, नजर जाईल. डॉक्टरांशी बोलून थेंब चालतील का ते बघायचं, नाहीतर आधीच वैद्यकीय सवलतीचा अर्ज करायचा. गाइडचीही चाचणी होऊ शकते, आणि जिममधल्या ओळखीच्यानं दिलेली पावडर त्याला आणि धावपटूला, दोघांना भोवते.

पैशांचं म्हणाल तर वर लिहिलेल्या बहुतेक गोष्टींना फारसे लागत नाहीत. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 30 नं खेळात सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून दोऱ्या, पट्ट्या, स्टार्टचे आधार, स्टॉपवॉच, फिजिओथेरपिस्टचं मानधन आणि वर्गीकरणाला जायचा प्रवास भागवा. रेल्वेत पात्र दिव्यांगांना सोबत्यासह 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठीचा दाखलाही शिबिरातच काढून द्या.

वेळापत्रक मात्र चुकवू नका. चाळणी जुलै-ऑगस्टमध्ये झाली पाहिजे. सप्टेंबरपासून कापूस वेचणी सुरू होते आणि मोठी पोरं शेतात जातात. दिवाळीनंतर शहादा, तळोदा, अक्कलकुवा, साक्री, चाळीसगाव या भागांतली कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला निघतात, मुलं सोबत जातात. 3 डिसेंबरला आपण स्पर्धा भरवतो तेव्हा त्यातली कितीतरी मुलं कारखान्याच्या फडावर असतात. वर्ग ठरलेली, कागद पूर्ण झालेली मुलं दिवाळीआधी वसतिगृहात ठेवून घेता आली तर त्यांचा हंगाम वाचेल. त्यासाठी तिन्ही जिल्ह्यांची एक बैठक जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात बोलवावी. चाळणीचे तक्ते, गाइड प्रशिक्षणाचा आराखडा आणि स्टार्टच्या आधाराचं मोजमाप घेऊन आम्ही त्या बैठकीला येऊ.

कळावे,
आपले,
खान्देशातील क्रीडाशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि गाइड धावपटू